घरच्या जुन्या पीसीवर वेब सर्व्हर टाकलाय, बाहेरून उघडतच नाही. काय चुकतंय?

अण्णांचा_धाकटा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून पहिला धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव चिपळूणपासून तासाभरावर. अण्णा (वडील) १९८८ पासून पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला अंगणातल्या पर्जन्यमापकातलं पाणी मोजून वहीत लिहितात. जून ते ऑक्टोबर, एक दिवस खाडा नाही. आजारी असले तर आई मोजते, पण लिहिणार तेच. अशा ३६ वह्या झाल्या, यंदाची सदतिसावी चालू आहे. कडेला शेरे पण असतात, "वाऱ्यासह", "फणस पडला", "भात लावणी सुरू" वगैरे. लॉकडाऊनपासून मी आणि भाचीने सगळी पानं स्कॅन केली, साडेतीन हजार भरली, आणि आकडे टेबलात भरले.

आता हे सगळ्यांना बघता यावं म्हणून घरातला २०१२ चा आय-थ्री पीसी (४ जीबी रॅम) झाडून पुसून काढला, त्यावर उबुंटू सर्व्हर आणि एनजिनएक्स (वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर) टाकलं. घरात वायफायवर १९२.१६८.१.७ टाकलं की मस्त उघडतं. आईला दाखवलं तर म्हणाली हे तर कपाटात पण आहे की. मग हौसेने ताईला पुण्याला तोच पत्ता पाठवला. तिचा फोन आला की अरे इथे वह्या नाहीत, शाई संपत आलीये असं लिहिलंय. तिच्या घरचा प्रिंटर उघडला होता.

मग वाचून वाचून राउटरमध्ये ८० आणि ४४३ पोर्ट फॉरवर्ड केले, म्हणजे बाहेरून साइटसाठी येणारं या पीसीकडे वळवलं. तरी बाहेरून नाही ते नाहीच. दोन प्रश्न: (एक) काय राहिलंय? (दोन) हे घरून करणं मुळात शहाणपणाचं आहे का?

चहाबाज
प्रिंटर :)))) सकाळी सकाळी ऑफिसात हसलो, बॉस बघतोय.

वायरमन
१९२.१६८ वाला पत्ता हा घरातल्या घरातला असतो रे, वाड्यातल्या खोली नंबरसारखा. खोली नंबर सात प्रत्येक वाड्यात असणार, ताईच्या वाड्यात सातव्या खोलीत प्रिंटर राहतो एवढंच.

एक काम कर. राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) म्हणून जो आकडा दिसतो तो लिहून घे. मग 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या कुठल्याही साइटवर जाऊन तिथला आकडा बघ. दोन्ही सारखे आहेत का? आणि टेस्ट करताना वायफाय बंद करून मोबाइल डेटावर कर. बऱ्याच राउटरना घरातून स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर वळसा घालून परत येता येत नाही, त्यामुळे चालू असलेली गोष्ट पण बंद वाटते. मी यात एक अख्खा शनिवार घालवलाय.

अण्णांचा_धाकटा
वायरमन, बघितलं. राउटरवर १००.७२ ने सुरू होणारा आकडा आहे आणि साइटवर भलताच. आता?

वायरमन
झालं. सीजीनॅट.

ठाण्याची_स्वाती
ज्यांना सीजीनॅट कळलं नाही त्यांच्यासाठी (म्हणजे कालपर्यंतची मी): जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते एकूण साधारण ४३० कोटी. त्यांचा जागतिक साठा २०११ मध्येच वाटून संपला. मग नेट देणाऱ्या कंपन्यांनी काय केलं, शेकडो गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता द्यायचा आणि आत प्रत्येकाला १००.६४ ते १००.१२७ मधला एक खाजगी पत्ता. त्यासाठी तो पट्टा २०१२ मध्ये मुद्दाम राखून ठेवला गेला. तुम्ही तुमच्या राउटरचं दार उघडलंत, पण सोसायटीचं मुख्य गेट कंपनीकडे आहे आणि तिथला वॉचमन कोण आलंय ते तुम्हाला विचारायलाच येत नाही. तुम्ही बाहेर जाऊ शकता, बाहेरचा कोणी आपणहून आत येऊ शकत नाही. पोर्ट फॉरवर्डिंग कितीही करा.

मिरजकर
केबलवाल्याला स्टॅटिक आयपी (न बदलणारा, फक्त तुझा बाहेरचा पत्ता) माग. माझ्याकडे महिन्याला दोनशे जादा घेतो पण देतो. पहिल्यांदा मागितला तर म्हणाला "कॅमेऱ्यासाठी पाहिजे काय?" होय म्हणून टाक, नाहीतर समजावत बसावं लागतंय.

निवृत्त_नाना
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणी देत नाहीये म्हणून मी देतो. नाही, शहाणपणाचं नाही. आकड्यांची टेबलं आणि फोटो, म्हणजे स्थिर पानं. ती ठेवायला गिटहब पेजेस ही सेवा फुकट आहे. एका संध्याकाळचं काम. तुमचा तो आय-थ्री चोवीस तास चालला तर ६० वॉट धरले तरी दिवसाला १.४४ युनिट, महिन्याला ४३. बिलाचा टप्पा ओलांडलात की वरची युनिटं चढ्या दराने. वर कोकणात पावसाळ्यात लाइट किती असते ते मी काय सांगावं. म्हणजे पावसाची साइट बरोबर ज्या दिवशी जास्त पाऊस त्याच दिवशी बंद.

चहाबाज
शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

अण्णांचा_धाकटा
नाना, मुद्दा मान्य. पण स्कॅन एकेक ३ एमबीचे आहेत, एकूण साडेदहा जीबी. गिटहब पेजेसला साइटची मर्यादा १ जीबी. दुसरं म्हणजे अण्णांना मी सांगितलं की वह्या अमेरिकेतल्या कुठल्याशा कॉम्प्युटरवर ठेवतोय, तर त्यांनी चष्मा काढून नुसतं बघितलं माझ्याकडे. घरात ठेवतोय म्हटल्यावर स्वतः टेबल रिकामं करून दिलं. आता या टेबलावर १९९१ पासून बियाण्यांचे डबे होते, ते हललेले मी पहिल्यांदा बघितले.

निवृत्त_नाना
३ एमबीचं पान फोनवर कोण बघणार आहे? २५० केबीला आणा. साडेतीन हजार पानांचे ८७५ एमबी होतात. मावलं.

अण्णांपुढे मात्र माझा नाइलाज.

कोरा_कागद
घरून करण्याची हौस मला पण होती, तिची फळं सांगतो. तीन वर्षांपूर्वी स्टॅटिक आयपी घेऊन घरच्या पीसीवर ब्लॉग टाकला. एसएसएचचं (लांबून मशीनमध्ये शिरून काम करायचं) २२ नंबरचं पोर्ट सताड उघडं, युजरनेम 'ॲडमिन', पासवर्ड बायकोचं नाव आणि १२३. चौथ्या दिवशी रात्री पंख्याचा आवाज, विमान उडेल असा. बघतो तर कोणीतरी आत शिरून क्रिप्टोचं खणकाम लावलेलं, चारही कोअर शंभर टक्के. बायको म्हणाली माझं नाव एवढं सोपं आहे का.

लॉग उघडून बघा एकदा. साइट बाहेर दिसायला लागल्यापासून तासाभरात कोणी ना कोणी वर्डप्रेसचं लॉगिन पान मागत येतंच, तुमच्याकडे वर्डप्रेस असो नसो. माणसं नसतात ती, यंत्रं दारोदार कड्या हलवत फिरत असतात. म्हणून: एसएसएच बाहेर उघडू नका, उघडायचंच तर पासवर्ड बंद करून फक्त कीने (किल्लीसारखी वापरायची फाइल). यूएफडब्ल्यू फायरवॉल चालू करा, फेल टू बॅन टाका (चुकीचे पासवर्ड मारत बसणाऱ्याला ते अडवतं), अपडेट आपोआप होऊ द्या. आणि वह्या असलेल्या पीसीवर बँकेची कागदपत्रं नकोत.

मिरजकर
>>बायको म्हणाली माझं नाव एवढं सोपं आहे का
मग आता पासवर्ड काय ठेवलाय? सासूचं नाव?

कोरा_कागद
आता की वापरतो. सासूबाई धागा वाचतात.

डब्लिनचा_बंड्या
सीजीनॅट असेल तरी एक वाट आहे, टनेल. घरच्या मशीनवर छोटा प्रोग्राम बसवायचा, तो आतून बाहेर जोडणी करून धरून ठेवतो आणि येणारे लोक त्याच जोडणीतून आत येतात. कुठलंच पोर्ट उघडायला नको. क्लाउडफ्लेअर टनेल फुकट आहे, फक्त स्वतःचं डोमेन (साइटचं नाव) घ्यावं लागतं. एचटीटीपीएस, म्हणजे साइटचं कुलूप, पण तेच बघतात. तोटा असा की कुलूप त्यांच्याकडे उघडतं, म्हणजे मधल्या मध्ये ते सगळं वाचू शकतात. पावसाचे आकडे आहेत, वाचू देत की.

फक्त घरच्या चार माणसांसाठी हवं असेल तर टेलस्केल बघा. ताईच्या फोनवर ॲप टाकलं की ती घरातच बसल्यासारखं. गंमत म्हणजे ते पण १००.६४ च्याच पट्ट्यातले पत्ते वाटतं.

ठाण्याची_स्वाती
आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे पत्ते, कोणी बोललं कसं नाही अजून? त्यात पत्त्यांची टंचाईच नाही, प्रत्येक डब्याला स्वतःचा पत्ता मिळतो. राउटरच्या फायरवॉलमध्ये तेवढं दार उघडायचं.

वायरमन
मिळतो, पण बघणाऱ्याकडे पण हवं ना. माझ्या ऑफिसच्या नेटवर नाहीये. मोबाइलवर उघडणार आणि ऑफिसात नाही, मग लोक तुलाच फोन करणार की बंद आहे का.

सुगरण_नाही
मला यातलं ओ की ठो कळत नाही पण 'फणस पडला' हा शेरा वाचायला मी येणार. लवकर करा.

अण्णांचा_धाकटा
सगळ्यांचे आभार. इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. प्रगती सांगतो.

केबलवाल्याला फोन केला. स्टॅटिक आयपी म्हटल्यावर म्हणाला वर विचारून सांगतो. वर म्हणजे कुठे ते कळलं नाही, आठवडा झाला. म्हणून बंड्याभाऊंचं ऐकून टनेल टाकलं. डोमेन घेतलं आणि काल रात्री साडेअकराला ताईच्या फोनवर १९८८ ची वही उघडली. ती रडली. मी पण थोडा.

आज सकाळी बंद! घाबरून बघायला गेलो तर आईने प्लग काढून मिक्सर लावला होता, नारळ वाटायला. ओट्याजवळचा पॉइंट खराब आहे म्हणे.

डब्लिनचा_बंड्या
आईंना दोष देऊ नका, ही परंपरा जुनी आहे. जगातला पहिला वेब सर्व्हर ज्या नेक्स्ट कॉम्प्युटरवर चालायचा, टिम बर्नर्स-ली यांचा, जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये, त्यावर त्यांनी लाल शाईने चिठ्ठी लिहून चिकटवली होती की हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका. तीच युक्ती करा.

अण्णांचा_धाकटा
केली. लाल स्केचपेनने. संध्याकाळी बघितलं तर खाली आईच्या अक्षरात: "आधी ओट्याचा पॉइंट दुरुस्त करा."

चहाबाज
आईंचा आयडी काढून द्या इथे.

मिरजकर
प्लगवरून आठवलं, बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन लाइट आल्यावर पीसी आपोआप चालू व्हावा हे सेटिंग कर, नाहीतर तू मुंबईला आणि पीसी गावी झोपलेला. आणि राउटरमध्ये त्या पीसीचा १.७ पत्ता कायमचा राखून ठेव. माझ्याकडे एकदा लाइट जाऊन आली, सगळी यंत्रं एकदम उठली, पत्ते बदलले, आणि फॉरवर्ड केलेलं पोर्ट टीव्हीकडे गेलं. दोन दिवस ब्लॉगच्या जागी काहीच नाही आणि मी एनजिनएक्सला शिव्या घालतोय.

निवृत्त_नाना
मूळ उपाय सांगू? डेस्कटॉप काढा, जुना लॅपटॉप लावा. १२ वॉट, महिन्याला नऊ युनिटंसुद्धा नाहीत. आणि बॅटरी म्हणजे यूपीएस आतच आला. फक्त बॅटरी फुगलेली नाही ना ते महिन्यातून एकदा हात लावून बघायचं. झाकण मिटल्यावर झोपू नये हे पण सेट करा. राउटर आणि फायबरच्या डबीला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो तो लावा, नुसता लॅपटॉप जागा राहून काय उपयोग.

वायरमन
लॅपटॉपला सहमत. कोकणात असाल तर अजून एक. घरापर्यंत फायबर आहे तर ठीक, पण शेजारच्या इमारतीतून गच्चीवरून लॅनची तांब्याची केबल ओढलेली असेल तर वळवाच्या विजांमध्ये पोर्ट जळतो. माझा गेलाय, मे महिन्यात. कडकडाट झाला, दिवे शाबूत, लॅन पोर्ट खलास. केबल काढून ठेवत जा.

अवांतर: कॅबिनेट उघडलंत तर आत पाल आहे का बघा. हसू नका.

अण्णांचा_धाकटा
पाल नव्हती, मुंग्यांचं वारूळ म्हणता येईल असं काहीतरी होतं. लॅपटॉपवर हलवलं सगळं, ताईच्या जुन्या. पीसी गेला माळ्यावर आणि आईला प्लग परत मिळाला.

एक नवीन भानगड. साइटवर शोध दिलाय. "वाऱ्यासह" शोधलं तर १९९६ नंतरच्याच नोंदी येतात. आधीच्या मी भरल्यात, नंतरच्या भाचीने. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात, मी भिंग लावून बघितलं.

ठाण्याची_स्वाती
अहाहा, मराठीचं खास दुखणं! तो पापणीतला र दोन प्रकारे लिहिला जातो. एक म्हणजे नुक्त्याचा ऱ आणि त्याला हलन्त. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं एक जोडचिन्ह, झेडडब्ल्यूजे. दिसायला हुबेहूब, मशीनसाठी दोन वेगळे शब्द. तुमचा कीबोर्ड आणि भाचीचा वेगळा असणार. आधी सगळा मजकूर एका प्रकारात बदलून घ्या, आणि शोधताना वाचकाने टाइप केलेलं पण तसंच बदला, कारण वाचक दोन्ही प्रकारचे येणार.

सुगरण_नाही
वाचनखूण साठवली. माझ्या पाककृतींच्या फायलीत "भाकऱ्या" अर्ध्याच सापडायच्या, मी माझ्यावरच संशय घेत होते.

खालची_पेठ
नवीन सभासद, चिपळूणचा. मित्राने लिंक दिली. साइट फार आवडली, अण्णांचं अक्षर बघत तासभर गेला. पण एक विचारायचंय. २२ जुलै २०२१ उघडलं. तुमचा आलेख म्हणतो पाऊस शून्य. त्या दिवशी आमच्या घरात तळमजला पूर्ण पाण्यात होता, आम्ही जिन्यावर बसून होतो. शून्य??

चहाबाज
बापरे.

अण्णांचा_धाकटा
पोटात गोळा आला वाचून. माफ करा दादा. लगेच वहीचं पान काढलं. त्या रकान्यात आकडाच नाहीये, "भां. ओ." लिहिलंय. भाचीने टेबलात जागा रिकामी सोडली आणि माझ्या प्रोग्रामने रिकाम्याला शून्य धरलं. अण्णांना विचारलं भां. ओ. म्हणजे काय. म्हणाले "भांडं ओसंडलं." आतल्या बाटलीत दोनशे मिलिमीटरच मावतात. त्यापुढचं पाणी किती ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. ३६ वर्षांत असे नऊ दिवस निघाले. नऊच्या नऊ दिवशी माझा आलेख कोरडा ठणठणीत.

निवृत्त_नाना
शून्य नको आणि रिकामं पण नको. 'दोनशेहून जास्त' असं वेगळं खूण करून ठेवा, आलेखात तो खांब वर उघडा सोडा. अण्णांना जे माहीत होतं ते एवढंच होतं आणि ते त्यांनी बरोबर लिहिलंय, तुमच्या प्रोग्रामने खोटं केलं. आणि अजून एक, साडेआठचं माप म्हणजे आधीच्या चोवीस तासांचा पाऊस, हवामान खातं पण तसंच मोजतं. म्हणजे २२ च्या खात्यात आदल्या रात्रीचा पाऊस आहे. हे पानावर ठळक लिहा, नाहीतर लोक तारखांवरून भांडतील.

खालची_पेठ
माफी कशाला, उलट बरं वाटलं. आमच्याकडे त्या दिवसाची एक ओळ लिहिलेली नाही, असलेले कागदही भिजले. 'भांडं ओसंडलं' बरोबर आहे.

अण्णांचा_धाकटा
दुरुस्त केलं. नऊही खांब आता वर उघडे आहेत आणि खाली अण्णांचा शेरा जसाच्या तसा.

आणि नाना, तुमच्यापुढे हात टेकले. अण्णांशी बोललो. 'तुमची वही घरातच, बाहेर फक्त झेरॉक्स' असं सांगितल्यावर झेरॉक्सला त्यांची हरकत नाही. २५० केबीची प्रत गिटहबवर ठेवलीये, घरचा लॅपटॉप रोज नऊ वाजता ती ताजी करतो. तुम्हाला पण तिथे लिहायचा अधिकार दिलाय, माझं काही अडलं तर.

निवृत्त_नाना
झेरॉक्स! हे मला चाळीस वर्षांच्या नोकरीत सुचलं नसतं.

सुगरण_नाही
साइट उघडत नाहीये आज. माझ्याकडेच की सगळ्यांकडे?

डब्लिनचा_बंड्या
इथूनही नाही. झेरॉक्स उघडतेय, पण कालपर्यंतचीच.

अण्णांचा_धाकटा
मोबाइलवरून लिहितोय, गच्चीच्या एकाच कोपऱ्यात एक काडी रेंज येते. काल रात्री दहापासून लाइट नाही. लॅपटॉपने तीन तास काढले, पण त्याआधीच झाड पडून फायबर तुटली होती, त्यामुळे तो बिचारा एकटाच जागा होता. आजचा आकडा इथेच लिहून ठेवतो, लाइट आली की चढवेन: १६८. शेरा: "वाऱ्यासह. आंबा पडला, खालचा."

निवृत्त_नाना
झेरॉक्सवर चढवला. पापणीतला र तपासून टाकलाय. साडेआठलाच मोजला ना?

अण्णांचा_धाकटा
आठ चौतीस. छत्री सापडत नव्हती. अण्णांनी वहीत तसं लिहिलंय.